अश्वहृदय आणि अक्षहृदय : घोड्यांच्या शर्यतीतील अनिश्चिततेचा हिशेब

माझे थोरले मामा रेस खेळत. आमच्या घरात हे वाक्य नेहमी हळू आवाजात उच्चारले जाई. मामा परळच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. दारू नाही, तंबाखू नाही. नाद एकच, महालक्ष्मीचा. हिवाळ्यात मुंबईचा हंगाम असे तेव्हा रेसच्या आदल्या रात्री ते चाळीच्या गॅलरीत दिव्याखाली वही घेऊन बसत, आणि मामी आतून भांडी जरा जास्तच आपटत असत.

मामा गेल्यावर त्या वह्या माझ्याकडे आल्या. एकूण अकरा. मी आयुष्यभर सांख्यिकी शिकवली, त्यामुळे ‘तुझ्याच कामाच्या’ म्हणून मामींनी त्या माझ्या हाती ठेवल्या. वह्या पाहून मी चकित झालो. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने होते : तारीख, अंतर, घोडा, वय, पाठीवरचे वजन, जॉकी, ट्रेनर, धावपट्टी कोरडी की ओली, मागच्या खेपेस कितवा आला, सुटताना भाव काय होता. शेवटच्या रकान्यात पॅडॉकमध्ये घोडा कसा दिसला याची नोंद असे : ‘घामेजला’, ‘कान मागे’, ‘चाल मोकळी’. पसंतीच्या घोड्याखाली लाल रेघ आणि कधीकधी पुढे एकच शब्द : ‘नक्की’.

इतक्या नोंदींत दोन रकाने मात्र कुठेच नव्हते. ‘नक्की’ म्हणजे किती नक्की, हे कुठे लिहिलेले नव्हते. आणि त्या घोड्यावर पैसे किती लावले, हेही नव्हते. प्रस्तुत लेख या दोन रकान्यांविषयी आहे.

नलाने केलेला सौदा

महाभारताच्या वनपर्वात नलोपाख्यान येते. द्यूतात राज्य घालवलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला आहे आणि दोघे भरधाव रथातून विदर्भाकडे, म्हणजे आपल्याच मुलखाकडे, निघाले आहेत. घोड्यांचे मर्म जाणावे तर नलानेच. वाटेत बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण त्याच्या पानाफळांचा आकडा सांगून टाकतो. नलाचा विश्वास बसत नाही. राजाला घाई असतानाही तो रथ थांबवतो, फळे मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. ऋतुपर्ण खुलासा करतो, की मी अक्षहृदय जाणतो आणि संख्येच्या विद्येत निपुण आहे. मग सौदा ठरतो. ऋतुपर्णाने अक्षहृदय द्यायचे आणि नलाने अश्वहृदय. जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरत. झाड नेमके तेच असावे, हा योगायोग खासच नव्हे.

संभाव्यतेच्या कल्पनेचा इतिहास लिहिणारे तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी १९७५ सालच्या आपल्या ग्रंथात या कथेची दखल घेतली आहे. द्यूताची विद्या आणि थोडक्यावरून पुष्कळाचा अंदाज बांधण्याची विद्या एकच आहे, हे या कथेच्या कर्त्याला ठाऊक होते, हा त्यातला लक्षणीय भाग. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. घोडे जाणणे आणि जुगाराचे मर्म जाणणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली असूनही नल सर्वस्व हरला होता. मामांकडे अश्वहृदय होते. उणीव होती ती दुसऱ्या विद्येची.

अनिश्चितता घडवली जाते

‘हँडिकॅप’ हा शब्द रेसच्या जगात दोन अर्थांनी चालतो. एक अर्थ क्लबच्या अधिकाऱ्याचा. तो प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून गुण देतो आणि त्यानुसार वजन ठरवतो. सरस घोड्याच्या पाठीवर जास्त, दुबळ्याच्या कमी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ॲडमिरल हेन्री राऊस यांनी वय आणि अंतर यांनुसार वजनाचे कोष्टक बसवले आणि या कामाला शिस्त आणली. हँडिकॅपरचे आदर्श स्वप्न काय, तर सगळे घोडे एकाच रेषेत, एकाच क्षणी पोचावेत.

दुसरा अर्थ पंटरचा. अधिकाऱ्याने वजने टाकून जी बरोबरी साधली तिच्यात फट कुठे राहिली, हे शोधणे म्हणजे त्याचे हँडिकॅपिंग. म्हणजे अशा शर्यतीतली अनिश्चितता आपोआप आलेली नसते. एका जाणकाराने ती मुद्दाम घडवलेली असते. पाऊस येणार की नाही हे सांगणाऱ्याला निसर्गाशी सामना करावा लागतो. पण निसर्ग काही त्याचा अंदाज चुकावा म्हणून झटत नाही. रेसच्या पंटरपुढचे कोडे मात्र सुटू नये याच हेतूने घातलेले असते.

भाव काय सांगतो

या कोड्याचे एक उत्तर मैदानावर सर्वांना दिसेल असे लिहिलेले असते : भाव. समजा, एका शर्यतीत पाच घोडे आहेत आणि बुकींचे भाव असे आहेत : पहिला एकास एक, दुसरा दोनास एक, तिसरा चारास एक, चौथा आणि पाचवा नवास एक. दोनास एक म्हणजे एक रुपया लावून घोडा जिंकला तर दोन रुपये नफा. असा घोडा तिनांतून एकदा जिंकला तर ना नफा ना तोटा. म्हणून त्या भावात दडलेली शक्यता ३३.३ टक्के. याच रीतीने पाचांच्या शक्यता निघतात ५०, ३३.३, २०, १० आणि १०. बेरीज करा : १२३.३.

जिंकणारा घोडा एकच, तेव्हा बेरीज १०० हवी. वरचे २३.३ हे बुकीचे रक्षण. ते काढून टाकण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे प्रत्येक आकड्याला १.२३३ ने भागणे. मग दुसऱ्या घोड्याची शक्यता ३३.३ नव्हे, २७ टक्के उरते. बाजाराच्या मते २७ टक्क्यांचा माल आपण ३३ टक्क्यांच्या किमतीला घेत असतो.

टोटमध्ये हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने घडते. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर यांनी सर्वांचे पैसे एका गल्ल्यात जमवून जिंकणाऱ्यांत वाटण्याची पद्धत सुरू केली. १९१३ साली न्यूझीलंडमधील ऑकलंडजवळच्या एलर्स्ली मैदानावर जॉर्ज ज्युलियस यांचे यंत्र ही बेरीज करू लागले. इथे भाव कोणी ठरवत नाही. लोकांच्या पैशांतून तो तयार होतो. मात्र वाटपाआधी गल्ल्यातून क्लबचा आणि सरकारचा वाटा निघतो. म्हणजे टोटवर आपला सामना खिडकीपलीकडच्या माणसाशी नसतो. तो शेजारच्या रांगेतल्या माणसाशी असतो, आणि तोही रात्री वही घेऊन बसलेला असतो.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. पंटर मंडळी हा निर्णय अभिमानाने सांगतात. तो खराच आहे. पण खेळात कौशल्य आहे याचा अर्थ कौशल्यवानाला नफा आहे असा होत नाही. सगळ्यांचे कौशल्य भावात आधीच उतरलेले असते. नफा होतो तो त्याहून जास्त जे आपल्याला कळले असेल त्याचा, आणि त्यातूनही वाटा जातोच.

माहिती वाढते, तेव्हा काय वाढते?

मामांची श्रद्धा होती, की रकाने वाढवले की अंदाज सुधारेल. पहिल्या वहीत सहा रकाने आहेत, अकराव्या वहीत सतरा.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९७३ साली नेमका हाच प्रश्न तपासला. आठ अनुभवी हँडिकॅपरना त्यांनी जुन्या शर्यतींची माहिती घोड्यांची नावे लपवून दिली. प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या बाबी निवडायच्या : आधी पाच, मग दहा, वीस आणि चाळीस. प्रत्येक टप्प्यावर अंदाज सांगायचा आणि त्याची खात्री किती तेही सांगायचे. पाच बाबींवर त्यांचे अंदाज जेवढे बरोबर येत होते, चाळीस बाबींवरही सरासरीने तेवढेच आले. खात्री मात्र जवळजवळ दुप्पट झाली. पाच बाबी हाती असताना त्यांची खात्री आणि त्यांचे यश यांत फारसे अंतर नव्हते. पुढची पस्तीस त्यांना आणखी चांगले हँडिकॅपर करू शकली नाहीत. फक्त जास्त निर्धास्त करून गेली.

दुसरा प्रयोग १९६८चा. नॉक्स आणि इंक्स्टर या संशोधकांनी कॅनडातील व्हँकूव्हरच्या मैदानावर दोन डॉलरच्या खिडकीपाशी लोकांना एकच प्रश्न विचारला : तुमचा घोडा जिंकेल असे तुम्हाला कितपत वाटते? काहींना पैसे लावण्यापूर्वी विचारले, काहींना लावून वळल्याबरोबर. लावून आलेल्यांची खात्री स्पष्टपणे जास्त निघाली. मधल्या काही क्षणांत घोड्याविषयी काहीही नवे कळलेले नव्हते. बदलले होते ते फक्त खिशातले तिकीट.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. अंदाज आकड्यात लिहायचा, तो भाव पाहण्याआधी लिहायचा आणि पैसे लावण्याआधी लिहायचा. ‘नक्की’ हा शब्द तपासता येत नाही. ‘४० टक्के’ हा आकडा तपासता येतो : ज्या शंभर घोड्यांना आपण ४० टक्के म्हटले त्यांतले चाळिसाच्या आसपास जिंकले का? हवामान खात्याचे अंदाज याच रीतीने तपासतात. या तपासणीला धीर मात्र लागतो. शंभर शर्यतींत नुसत्या दैवानेच आकडा नऊ-दहाने इकडेतिकडे सरकू शकतो. म्हणून ४० टक्क्यांचा जाणकार आणि ३३ टक्क्यांचा जाणकार यांतला फरक एका हंगामात कळत नाही. कित्येक हंगाम लागतात. दरम्यान माणूस आपापल्या स्वभावाप्रमाणे स्वतःला काय समजायचे ते समजून बसतो.

आपण विरुद्ध लोक

आता मुख्य प्रश्न. दुसऱ्या घोड्याला बाजार २७ टक्के म्हणतो आणि माझी वही म्हणते ४०. खरे कोणाचे?

बाजार चुकतो, हे निश्चित. १९४९ साली रिचर्ड ग्रिफिथ यांनी अमेरिकेतील शर्यतींचे भाव आणि निकाल ताडून दाखवले, की लांबच्या भावाच्या घोड्यांवर लोक त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर कमी. एका रुपयाचे पन्नास होण्याचे स्वप्न लोक महाग घेतात. हा कल पुढे अनेक देशांत पुन्हा पुन्हा आढळला. पण बहुतेक ठिकाणी तो गल्ल्यातून निघणाऱ्या वाट्यापेक्षा लहान असतो. बाजाराची चूक दिसते, हाती लागत नाही.

या खेळात खरोखर मोठी कमाई करणाऱ्यांत विल्यम बेंटर हे नाव येते. १९८०च्या दशकाच्या मध्यास ते हाँगकाँगला गेले. तिथे दोनच मैदाने, तेच ते घोडे, चोख नोंदी आणि लोकांच्या पैशांनी ओसंडणारा गल्ला. आकडेवारीच्या अभ्यासकाला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणे नाही. १९९४ साली त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. गणिती प्रतिमान घोड्याच्या अनेक गुणांवरून शक्यता काढते, इथवर अपेक्षित होते. खरी गोम पुढच्या पायरीत आहे. त्यांनी प्रतिमानाचा आकडा आणि लोकांच्या भावातून निघणारा आकडा एकत्र केला, आणि कोणाला किती वजन द्यायचे हे जुन्या निकालांवरून ठरवले. लोकांना जे ठाऊक आहे ते सगळे माझ्या यंत्राला ठाऊक नाही, ही कबुली त्यांनी सूत्रातच बसवली.

हे का करावे लागते? आपण शंभर घोड्यांचे अंदाज करतो आणि त्यांतून जिथे आपला आकडा बाजाराहून सर्वांत वर आहे तेच घोडे निवडतो. यांतल्या काहींच्या बाबतीत आपल्याला खरेच काही जास्त कळलेले असते; काहींच्या बाबतीत आपण नुसते चुकलेले असतो. दोघेही एकाच चाळणीतून येतात. म्हणून जिथे फायदा सर्वांत मोठा दिसतो, तिथेच आपली चूक सर्वांत मोठी असण्याचा संभव अधिक. मामा म्हणत, ‘अरे, सगळ्या जगाला दिसलं नाही ते मला दिसलंय.’ कधीकधी ते खरे असे. पण हे वाक्य मनात आले की थबकावे, असे बेंटर यांचे सूत्र सांगते.

आपल्या ४० आणि लोकांच्या २७ यांना समान वजन दिले तर येतात ३३.५. दोनास एक भावाला ना नफा ना तोटा होण्यासाठी लागतात ३३.३. डोंगराएवढा वाटलेला फायदा उरला ०.२ टक्के.

किती लावायचे

आता दुसरा रकाना. १९५६ साली बेल प्रयोगशाळेतील जॉन केली यांनी टेलिफोनच्या तारेतील गोंगाटाचा अभ्यास करताना एक सूत्र मांडले. रुपयामागे अपेक्षित नफा काढा, त्याला भावाने भागा. आपल्या पुंजीचा तेवढाच हिस्सा लावा. दोनास एक भाव आणि शक्यता खरोखर ४० टक्के असेल, तर रुपयामागे नफा ०.४ गुणिले २ वजा ०.६, म्हणजे २० पैसे. भागिले दोन : १० टक्के. पुंजी १०,००० रुपये असेल तर या घोड्यावर १,०००. शक्यता ३३.५ टक्के धरली तर हेच सूत्र म्हणते, २५ रुपये लावा. पहिल्या रकान्यात सहा-साडेसहा टक्के सरकले आणि दुसऱ्यात हजाराचे पंचवीस झाले.

पण मला खरा धक्का बसला तो पुढच्या हिशेबाने. समजा, अंदाज अगदी अचूक आहे : १०० शर्यती, भाव दोनास एक, ४० जिंकल्या, ६० हरल्या. दर वेळी हातातल्या पुंजीचा १० टक्के हिस्सा लावला तर १०,००० चे साधारण २६,४०० होतात. २० टक्के लावला तर १०,७००. आणि ३० टक्के लावला तर उरतात ७४०. घोडे तेच, निकाल तेच, जाणकारी तीच. फरक फक्त दर वेळी मूठ किती उघडली याचा. हार-जितीचा क्रम कसाही लावला तरी उत्तर बदलत नाही.

पासबुक

मामांनी संपाच्या दोन वर्षे आधी नोकरी सोडून हिशेब घेतला. त्या पैशांतून कणकवलीजवळच्या गावी घर बांधायचे होते. जोते बांधून झाले. भिंती कधी उठल्या नाहीत. आमच्या घरात याचे स्पष्टीकरण एकच होते : मामांना रेसमधले काही कळत नव्हते, ते फसत गेले.

वह्यांबरोबर मामींनी बँकेचे जुने पासबुकही दिले होते, बहुधा चुकून. एका रविवारी मी शेवटच्या हंगामाची वही आणि पासबुक शेजारी ठेवून बसलो. लाल रेघेचे घोडे मोजले. पूर्वीच्या वह्यांत ‘नक्की’ म्हटलेल्या घोड्यांपैकी तिनांत एक जिंकत होता. शेवटच्या हंगामात पाचांत दोन. भाव कमीजास्त होते, पण मधला भाव दोनास एकच्या आसपास. मामा अनाडी नव्हते. आयुष्यातला सर्वांत चांगला हंगाम ते खेळत होते.

मग पासबुक. रेसच्या आदल्या दिवसाच्या उचली. सुरुवातीला लहान. तीन-चार घोडे ओळीने हुकले की पुढची उचल दुप्पट. एखादा लागला की धीर येऊन आणखी मोठी. काही वेळा तर एकाच दिवसासाठी शिलकेचा तिसरा हिस्सा. दुसरा रकाना वहीत नव्हता, तो इथे होता.

इथे मला मामांची बाजू घेण्याचा मोह होतो आणि तो आवरायला हवा. त्या हंगामातले घोडे साठ-सत्तर. एवढ्या थोड्या नोंदींवरून ते खरेच ४० टक्क्यांचे जाणकार झाले होते, की ३३ टक्क्यांचेच असून दैवाने जरा साथ दिली, हे सांगता येत नाही. मी आयुष्यभर जे शिकवले तेच मला आडवे येते. पण एवढे म्हणता येते : ते ४० टक्क्यांचे असते तरी त्या उचलींनी घर बुडालेच असते. आणि ३३ टक्क्यांचे असते तर सूत्राचे उत्तर होते, काहीही लावू नका. कोणत्याही बाजूने हिशेब केला तरी जोते तसेच राहते.

मामी आता नव्वदीच्या आहेत. मी त्यांना एवढेच सांगितले, की मामांना घोडे कळत होते. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘ते मला ठाऊक होतं रे. पण मी विचारायची, चुकलात तर किती? तेव्हा ते उठून गॅलरीत जायचे.’

नलाच्या कथेत ऋतुपर्ण अक्षहृदय लगेच देतो, आणि अश्वहृदय तूर्त तुझ्यापाशीच ठेव म्हणून नलाला सांगतो. घोड्यांची विद्या ठेवीसारखी थांबू शकत होती. दुसरी मात्र तिथेच, त्या झाडाखाली हवी होती. ती मिळताच नलाच्या शरीरातून कली बाहेर पडला, असे व्यासांनी लिहिले आहे.

अकराव्या वहीत मागची काही पाने कोरी आहेत. गेल्या हंगामात मी त्यांवर मामांचेच रकाने आखले आणि शेवटी दोन नवे जोडले : शक्यता आणि रक्कम. महालक्ष्मीला जाऊन शर्यतीआधी पहिला रकाना भरत गेलो. दुसऱ्या रकान्यात, हिशेब करकरून, बहुतेक ओळींना शून्य आले.